गावातलं पाण्याचं एटीएम: तासाला 1000 लिटरचा आरओ प्लांट, आतून-बाहेरून

ग्रामपंचायतीला किंवा समाजमंदिराला खेटून दहा बाय बाराची खोली, समोर स्टीलचा नळ, नाणं टाकायची खाच आणि वर पाटी: 5 रुपयांत 20 लिटर. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात आणि यवतमाळ-चंद्रपूरच्या फ्लोराइडच्या गावांत हे दृश्य आता सवयीचं आहे. आत बहुतेक ठिकाणी एकच साचा असतो. तासाला 1000 लिटर शुद्ध पाणी, चार मेंब्रेन (दाबाखालच्या पाण्यातले क्षार अडवणाऱ्या गुंडाळ्या), दोन उभ्या टाक्या, एक हाय प्रेशर पंप. जोडणारे वेगवेगळे असले तरी आतले भाग थोड्याफार फरकाने तेच, म्हणून इथे कंपनीऐवजी या साच्याचंच परीक्षण केलं आहे.

मत आधीच सांगून टाकतो. यंत्र चांगलं आहे, पण ते योग्य पाण्यावर बसवलं पाहिजे आणि विकणारा ज्या जागी काटकसर करतो ते भाग गावाने ठणकावून मागितले पाहिजेत. नाहीतर दीड-दोन वर्षांत खोलीला कुलूप लागतं आणि लोक पुन्हा तालुक्याहून येणाऱ्या जारच्या गाडीची वाट पाहतात.

आधी रिपोर्ट, मग कोटेशन

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस 10500 (2012). त्यात टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानले आहेत. दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेता येतं. फ्लोराइड, म्हणजे जास्त झालं की दात-हाडं बिघडवणारा क्षार, 1.0, अगदीच पर्याय नसेल तर 1.5. नायट्रेट 45, त्यात सवलत नाही. कठीणपणा 200, पर्याय नसेल तर 600. आरओ घ्यायचा की नाही, हे याच चार आकड्यांवर ठरतं.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या विहिरी-बोअरला टीडीएस हजाराच्या पुढे जातो, कुठे कुठे त्याच्या कितीतरी वर. तिथे तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहा फाटल्यासारखा लागतो. अशा पाण्याला आरओशिवाय गावपातळीवर परवडणारं दुसरं यंत्र नाही. उलट गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडे पुष्कळ गावांत तक्रार असते ती लोहाची. हापशाचं पाणी भांड्यात तासभर ठेवलं की तांबूस होतं, कपड्यांवर डाग पडतात, पण क्षार कमीच असतात. तिथे हवा खेळवून लोह गाळणारा साधा फिल्टर पुरतो. आरओ लावला तर लोह मेंब्रेनवर बसून ते महिन्या-दोन महिन्यांत चोंदतं. आणि टीडीएस 500 च्या आत आहे, फ्लोराइड-नायट्रेट ठीक आहे, फक्त पावसाळ्यात गढूळ येतं, अशा गावाने आरओकडे वळूच नये. वाळूचा फिल्टर आणि क्लोरीन एवढ्यावर काम होतं. टीडीएस 500 च्या खाली असेल तिथे आरओ वापरू नये, हे राष्ट्रीय हरित लवादानेही 2019 मध्ये सांगितलं आहे, कारण यात अर्धं पाणी वाया जातं.

खरी फसगत फ्लोराइडच्या पट्ट्यात होते. तिथे बोअरचा टीडीएस 600-700 असू शकतो आणि फ्लोराइड 3. चव गोडच, डाळही शिजते. एजंट खिशातलं पेनासारखं टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतो आणि लोकांचं समाधान होतं. त्या मीटरला फ्लोराइड वेगळं दिसत नाही. ते फक्त पाण्यातून वीज किती वाहते यावरून एकूण क्षारांचा अंदाज सांगतं. म्हणून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा किंवा उपविभागीय प्रयोगशाळेचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय कोटेशन मागवू नये. नमुना मे महिन्याचा घ्यावा. पावसाळ्यानंतरच्या नमुन्यात पाणी पातळ झालेलं असतं आणि प्लांट कमी ताकदीचा बसतो.

दोन उभ्या टाक्या: इथेच काटछाट होते

पहिली टाकी वाळूची, दुसरी कार्बनची. तासाला 1000 लिटर शुद्ध पाणी हवं तर आत 2000 लिटर जातं, कारण निम्मं रिजेक्ट होऊन बाहेर पडतं. एवढ्या पाण्यासाठी 13 इंच व्यासाची एफआरपी (फायबरची) टाकी दिली की पाणी वाळूतून तासाला 23 मीटर वेगाने पळतं. काळ्या मातीचा बारीक गाळ इतक्या वेगात अडत नाही. 16 इंची टाकीत हाच वेग 15 च्या आसपास येतो. फरक काही हजारांचा आणि परिणाम मेंब्रेनच्या आयुष्यावर. कोटेशनमध्ये "सँड फिल्टर 1 नग" एवढंच लिहिलेलं असेल तर मापासकट लिहून घ्यावं.

आता बॅकवॉश. रोज सकाळी दहा मिनिटं पाणी उलटं खालून वर सोडायचं, म्हणजे वाळू उचलली जाऊन गाळ नालीत जातो. वाळू उचलायला 16 इंची टाकीत तासाला 4000 ते 5000 लिटरचा झोत लागतो. प्लांटला कच्चं पाणी देणारा फीड पंप जेमतेम 2000 लिटरचा बसवला असेल तर ऑपरेटर रोज इमानदारीने पाण्याची दिशा बदलणारा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह फिरवतो, नालीत थोडं गढूळ पाणीही दिसतं, पण वाळू जागची हलत नाही. वर्षभरात तिचा गोळा होतो, मधून वाटा पडतात आणि पाणी न गाळताच पुढे जातं. तपासायची सोपी रीत आहे. बॅकवॉशच्या वेळी नालीच्या पाइपाखाली 20 लिटरचा कॅन धरा. 16 ते 18 सेकंदांत भरला पाहिजे. 35 सेकंद लागत असतील तर पंप बदला.

कार्बनच्या टाकीचं मुख्य काम क्लोरीन काढणं. मेंब्रेन पॉलिअमाइडचं असतं आणि क्लोरीन त्याला जाळतं. गावात हे हमखास घडतं: पावसाळ्यात साथीची भीती, म्हणून विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडते. टीसीएलमध्ये साधारण तिसरा हिस्सा क्लोरीन. हेच पाणी प्लांटला, आणि कार्बन दोन वर्षांपूर्वीचा, दमलेला. मेंब्रेन एकदम फुटत नाही. शुद्ध पाण्याचा टीडीएस 50 वरून 90, 140, 200 असा चढत जातो, आणि गंमत म्हणजे पाणी मात्र आधीपेक्षा जास्त येतं. ऑपरेटर खूश, मशीन जोरात चाललंय म्हणून! प्रवाह वाढला आणि टीडीएसही वाढला की क्लोरीनने जळाल्याचं धरून चालावं. ते दुरुस्त होत नाही, मेंब्रेन बदलावंच लागतं. उपाय स्वस्त आहे. टीसीएल टाकण्याच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी कार्बननंतरच्या नळाचं पाणी ऑर्थोटोल्युडिनच्या थेंबाने पाहायचं. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ही क्लोरीन तपासायची बाटली असतेच. जराही पिवळं आलं तर प्लांट बंद ठेवायचा.

त्यापुढे 5 मायक्रॉनचं कार्ट्रिज. पांढऱ्या सुताच्या गुंडाळीसारखं दिसतं, किंमत शे-दीडशेच्या घरात. जुनं काढलं की एकदा आडवं कापून पाहा. रंग फक्त बाहेरच्या अर्ध्या इंचात असेल तर वाळूची टाकी काम करतेय. आतल्या नळीपर्यंत काळपट-मातकट झालं असेल तर तो गाळ मेंब्रेनपर्यंत पोचलेला आहे. कार्ट्रिज धुऊन परत लावणं बंद करा. धुतल्यावर सूत सैल होतं आणि गाळ अडवायचं काम तिथेच संपतं.

अँटिस्केलंटचा कॅन

दख्खनच्या काळ्या खडकातलं पाणी कठीण. आरओमध्ये निम्मं पाणी निघून गेलं की उरलेल्यात कॅल्शियम दुप्पट होतं आणि शेवटच्या मेंब्रेनवर चुन्याचा थर बसतो. तो बसू नये म्हणून डोसिंग पंपातून अँटिस्केलंट सोडतात, लिटरमागे 3 ते 5 मिलिग्रॅम. हिशेब करून पाहा: तासाला 2000 लिटर फीड, 4 मिलिग्रॅमचा डोस, म्हणजे तासाला 8 ग्रॅम. रोज सहा तास प्लांट चालला तर महिन्याला दीड किलोच्या आसपास. रजिस्टरमध्ये पाच किलोचा एक कॅन वर्षभर पुरलेला दिसत असेल तर डोसिंग पंप नुसता टकटक करतोय. त्याच्या नळीत हवा अडकते, कधी डोक्यातला बारीक व्हॉल्व्ह क्षाराने चिकटतो. टाकीवर पेनाने रेघ मारून ठेवायची आणि संध्याकाळी पातळी किती उतरली ते बघायचं, एवढी तपासणी पुरते. उन्हाळ्यात पाणी आटून डोस घट्ट होतो, म्हणून टाकीला झाकण हवं.

कोटेशनमध्ये "सॉफ्टनर (पाण्याचा कठीणपणा काढणारी टाकी) दिला की अँटिस्केलंट लागत नाही" असं कुणी म्हणालं तर खारपाणपट्ट्यासाठी नाही म्हणा. सॉफ्टनर धुवायला पोत्याने मीठ लागतं आणि ते मीठ शेवटी गावाच्याच नालीत जातं.

मेंब्रेन, दाब आणि विदर्भाचा मे

खाऱ्या पाण्याच्या 4040 मेंब्रेनवर, म्हणजे 4 इंच जाड, 40 इंच लांब, दिवसाला 9000 लिटरच्या आसपास असा आकडा छापलेला असतो. तो प्रयोगशाळेतला: 225 पीएसआय दाब, 25 अंश तापमान, ठरावीक मीठ. गावात एका मेंब्रेनकडून तासाला 250 लिटर घ्यावे, चारांचे 1000. तीन मेंब्रेनमध्ये 1000 लिटर देतो म्हणणारा दाब वाढवून ते देईलही, पण मेंब्रेनचं आयुष्य कमी करून.

पाणी एका अंशाने तापलं की प्रवाह सुमारे 3 टक्क्यांनी वाढतो, आणि क्षारही जास्त निसटतात. म्हणून डिसेंबरात 850 लिटर देणारा प्लांट मे महिन्यात 1100 देतो आणि टीडीएस 50 चा 75 होतो. हे बिघाडाचं लक्षण नव्हे. बिघाड ओळखायचा तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहावं. धोका वेगळाच आहे. बोअरचं पाणी गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीत भरून तिथून प्लांटला दिलं की मे महिन्याच्या दुपारी ते सहज 45 अंशांच्या पुढे जातं, आणि या मेंब्रेनची मर्यादाच 45. टाकीवर तुऱ्हाट्यांचा मांडव घाला, नाहीतर उन्हाळ्यात प्लांट पहाटे चालवून घ्या. दुपारी लाइन जाते तेही यातून टळतं.

लाइन जाण्याचा त्रास वेगळा लिहायला हवा. चालू प्लांट अचानक बंद पडला की घट्ट झालेलं खारं पाणी मेंब्रेनवर तसंच उभं राहतं आणि क्षार जमतात. ऑटो फ्लश असेल तर बंद होण्याआधी किंवा लाइन परत आल्यावर दोन मिनिटं पाणी जोरात वाहून ते धुऊन काढतं. त्यासाठी लागणारा, विजेवर उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह कोटेशनमधून सगळ्यात आधी गायब होतो. सोबत लो प्रेशर स्विच हवाच. बोअर आटली आणि हाय प्रेशर पंप कोरडा चालला तर सील जळायला पाच मिनिटं पुरतात. गावठाणच्या फिडरवर संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तेव्हा स्टॅबिलायझर धरूनच बजेट करावं.

लग्नसराईत ऑपरेटर गावाला गेला, आठवडाभर प्लांट बंद, असं होतंच. उन्हाळ्यात दोन दिवस उभ्या पाण्यातही मेंब्रेनला वास धरतो. रोज पंधरा मिनिटं चालवणारं कुणी नसेल तर 100 लिटर शुद्ध पाण्यात 1 किलो सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळून ते मेंब्रेनमध्ये भरून व्हॉल्व्ह बंद करायचे. परत सुरू करताना पहिलं अर्धा तास पाणी फेकून द्यायचं.

गेज वाचायला शिकलात तर मेकॅनिक कमी लागेल

पॅनलवर दोन प्रेशर गेज, दोन रोटामीटर (प्रवाह दाखवणाऱ्या नळ्या), एक टीडीएसचा आकडा. रोज एकाच वेळी हे पाच आकडे वहीत उतरवायचे. बाकी मेंटेनन्सच्या नावाखाली जे चालतं त्यातलं अर्धं दिखाऊ असतं.

प्रवाह 10 टक्क्यांनी घटला, किंवा टीडीएस 10 टक्क्यांनी चढला, किंवा मेंब्रेनच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक 15 टक्क्यांनी वाढला, की धुलाई करायची. तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत थांबलात तर थर कडक होतो, मग ॲसिडलाही दाद देत नाही. काय बसलंय ते ओळखायची खूण: चारही मेंब्रेन काढून उभी ठेवा, पाणी निथळू द्या आणि उचलून बघा. शेवटचं जड लागलं तर चुना, पहिलं जड आणि बुळबुळीत असेल तर गाळ-शेवाळ. चुन्यासाठी 2 टक्के सायट्रिक ॲसिड, म्हणजे 50 लिटर शुद्ध पाण्यात 1 किलो, अर्धा तास फिरवायचं, अर्धा तास मुरू द्यायचं, पुन्हा फिरवायचं. बुळबुळीत थराला कॉस्टिकचं पातळ द्रावण, लिटरमागे 1 ग्रॅम, हातमोजे-चष्मा घालून. दोन्ही असेल तर आधी कॉस्टिक, मग ॲसिड, आणि मध्ये स्वच्छ पाण्याने धुणं. धुलाईची टाकी आणि छोटा पंप प्लांटसोबतच घ्या. नंतर मागवला तर त्याला वेगळंच कोटेशन येतं.

एखाद्या दिवशी टीडीएस एकदम 50 वरून 150 झाला तर मेंब्रेन गेलं म्हणून घाबरू नका. चारही हाउसिंगच्या, म्हणजे मेंब्रेन बसवलेल्या नळकांड्यांच्या, शुद्ध पाण्याच्या नळ्या सोडून वेगवेगळ्या ग्लासात पाणी घ्या. तीन ग्लासांत 40, 45, 60 आणि चौथ्यात 400 असं दिसलं तर त्या हाउसिंगमधली ओ-रिंग तुटली किंवा पिळली आहे. काही रुपयांची रबरी चकती. ती बसवताना ग्लिसरीन लावा. ग्रीस किंवा तेल लावलं की मेंब्रेनही खराब होतं.

मिक्सिंग व्हॉल्व्हवर नजर ठेवा

आरओचं पाणी फिकं, "बिनचवीचं" लागतं म्हणून बहुतेक प्लांटमध्ये थोडं कच्चं पाणी मिसळायला एक लहान व्हॉल्व्ह असतो. खारपाणपट्ट्यात त्याचा उपयोग मर्यादेत ठीक आहे. फ्लोराइडच्या गावात मात्र हा व्हॉल्व्ह म्हणजे प्लांटची मागची उघडी खिडकी.

बोअरमध्ये फ्लोराइड 3 धरू. मेंब्रेन त्यातलं 90-95 टक्के अडवतं, म्हणजे शुद्ध पाण्यात 0.2 च्या आसपास. पाचवा हिस्सा कच्चं पाणी मिसळलं तर नळाला 0.76 येतं, चालेल. मेंब्रेन चोंदलं, पाणी कमी यायला लागलं, ओळीतल्या बाया ओरडायला लागल्या आणि ऑपरेटरने व्हॉल्व्ह फिरवून कच्चं पाणी 40 टक्के केलं, की तेच 1.32 होतं. डिस्प्लेवर टीडीएस तेव्हाही 300 च्या आसपास, हिरवा दिवा, "पाणी शुद्ध". फ्लोराइडच्या गावात हा व्हॉल्व्ह काढून तिथे प्लग मारून घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. निदान महिन्यातून एकदा नळाचं पाणी फील्ड टेस्ट किटच्या फ्लोराइडच्या रंगपट्टीवर तपासावं आणि निकाल खोलीच्या दारावर चिकटवावा.

रिजेक्टचं काय?

बोअरचा टीडीएस 1800 असेल तर रिजेक्टचा 3500 च्या वर. 300 कॅन विकले तर तेवढंच, 6000 लिटर, दररोज. परसबागेला किंवा शाळेच्या झाडांना द्यायची टूम निघते. काळ्या जमिनीत हे पाणी देणं म्हणजे जमीन चिकट आणि कडक करणं. सिंचनाच्या पाण्याचा टीडीएस 2000 च्या वर गेला की ते पिकाला त्रासाचंच मानतात. शौचालयाची टाकी, रस्ता-गटार धुणं, बांधकामात धूळ बसवणं, यापलीकडे त्याचा उपयोग शोधू नये.

याहून वाईट प्रकार म्हणजे रिजेक्टसाठी प्लांटशेजारीच शोषखड्डा. त्याच आवारात, पन्नास फुटांवर, प्लांटची बोअर. आज सोडलेलं खारं पाणी मुरतं आणि काही महिन्यांनी पंपातून वर येतं. अशा ठिकाणी बोअरचा टीडीएस दरवर्षी चढताना दिसतो आणि दोष पावसाला दिला जातो. रिजेक्टची लाइन गावाबाहेर, विहिरींच्या उतारापासून दूर नेण्याचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरावा.

नळ, नाणं आणि कॅन

एटीएमच्या पेटीवर फार खर्च करू नका. पाच रुपयाची नाणी चलनात इतक्या तऱ्हांची आहेत, जाड, पातळ, पिवळी, की साधा नाणे-स्वीकारक त्यातलं एकच ओळखतो. बाकीची परत टाकतो किंवा गिळतो, आणि सकाळी सकाळी भांडणं. अनेक नाणी शिकवता येणारा घ्या, किंवा कार्डावर जा. दुसरं, पाणी सेकंद मोजून सोडणारं यंत्र नको, फ्लोमीटर मोजून सोडणारं हवं. वेळेवर चालणाऱ्या यंत्रात वरची टाकी निम्मी झाली की झोत कमी होतो आणि 20 लिटरच्या जागी 17 लिटर मिळतात. लोकांना हे बरोबर कळतं, आणि ते थेट सरपंचाला ऐकवतात.

शुद्ध पाण्यात क्लोरीन उरत नाही. यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा नळापर्यंतचं पाणी निर्जंतुक करतो, पुढचं नाही. त्याचं आयुष्य 8000-9000 तास. दिवा पेटलेला दिसतो म्हणून तो काम करतोच असं नाही, वर्ष झालं की बदलायचा. निळ्या कॅनच्या तळाशी हात पोचत नाही आणि तिथे हिरवट थर धरतो. आठवड्यातून एकदा मूठभर तांदूळ किंवा बारीक खडी आणि साबणाचं पाणी घालून कॅन खळखळवावा. रुंद तोंडाची स्टीलची टाकी किंवा झाकणाचा माठ घरी असेल तर पाणी त्यात ओतून कॅन उन्हात उलटा ठेवणं सगळ्यात बरं.

पैशाचा हिशेब, आणि दुसरा कॅन

रोज 300 कॅन, 5 रुपयाने, महिन्याला 45 हजार. खर्च असा: 1000 लिटरला सव्वादोन-अडीच युनिट, म्हणजे महिन्याला 405-450 युनिट; 10 रुपये युनिट धरलं तरी साडेचार हजार. ऑपरेटर 8-9 हजार. रसायनं, कार्ट्रिज मिळून हजारभर. मेंब्रेन एक साधारण 10 ते 15 हजाराचं, चार मेंब्रेन तीन वर्षांत बदलायची म्हणून महिन्याला दीड हजार बाजूला. एकूण 16 हजारांच्या आसपास. दिवसाला 80 कॅनच्या खाली गेलं तर प्लांट तोट्यात. त्याहून लहान गावाने 250 किंवा 500 लिटरचा घ्यावा.

मग पैसे उरत असताना प्लांट बंद का पडतात? कारण शिल्लक सर्वसाधारण खात्यात जाते, त्यातून पथदिवे आणि सत्कार होतात, आणि मेंब्रेन बदलायची वेळ आली की "निधी नाही". प्लांटचं बँक खातं वेगळं काढणं ही पहिली अट ठेवावी.

याहून मोठा प्रश्न कॅनच्या संख्येचा आहे. पाच माणसांच्या घरात एक कॅन म्हणजे माणशी 4 लिटर. विदर्भाच्या उन्हाळ्यात हे पिण्यालाच जातं. स्वयंपाक हापशाच्या पाण्यावर. फ्लोराइड उकळून उडत नाही. वरण आटलं की उलट घट्ट होतं आणि भात शिजताना ते पाणी पिऊन घेतो. जल जीवन मिशनच्या नियमांत, फ्लोराइडच्या वस्त्यांना नळयोजना पोचेपर्यंत पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी 8 ते 10 लिटर शुद्ध पाणी धरलं आहे. म्हणजे पाच जणांना दोन-अडीच कॅन. रोजमजुरीवर जाणारं घर 5 रुपयाने अडीच कॅन घेत नाही, एकच घेतं, आणि बोअरचं फ्लोराइड वरणातून पोटात जातच राहतं. एक जादा कॅन काढायला प्लांटला वीज-रसायन मिळून रुपयाच्या आत खर्च येतो. तेव्हा पहिला कॅन 5 रुपयाला आणि त्याच दिवशी त्याच कार्डावर दुसरा 2 रुपयाला, असा दर ठेवला तरी खातं बुडत नाही. हे नाण्याच्या पेटीत जमत नाही. कार्ड घ्या म्हणण्याचं खरं कारण हेच.

दुसरं काही घेता येईल का

फक्त फ्लोराइड जास्त, बाकी क्षार ठीक, अशा गावाने नागपूरच्या नीरी संस्थेचं विद्युत-विश्लेषणाचं तंत्र पाहावं. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, सौर पॅनलवरून वीज, फ्लोराइड गाळासोबत खाली बसतं. रिजेक्ट जवळपास नाही. पट्ट्या झिजतात, गाळ सांभाळून टाकावा लागतो, आणि टीडीएस कमी होत नाही. तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धतही नीरीचीच. स्वस्त आहे, पण रोज मोजून घालणारा माणूस लागतो. ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाचा, म्हणजे फ्लोराइड धरून ठेवणाऱ्या दाण्यांचा, फिल्टर हापशाला जोडता येतो, मात्र ठरावीक दिवसांनी कॉस्टिक आणि ॲसिडने त्याला पुन्हा तयार करावं लागतं. ते थांबलं की फिल्टर नुसता शोभेचा.

घराचं छप्पर विसरू नका. 500 चौरस फूट टिनाचं छत, 700 मिलिमीटर पाऊस, पाचवा हिस्सा वाया धरला तरी 26 हजार लिटर. पाच जणांना माणशी 10 लिटरने वर्षाला सव्वाअठरा हजार पुरतात. ना मीठ, ना फ्लोराइड. अडचण टाकीची. आठ कोरड्या महिन्यांसाठी 12 हजार लिटरची टाकी बांधायला गरीब घराला परवडत नाही. शाळा आणि अंगणवाडीला मात्र ती जमते, आणि लहान मुलांच्या दातांचा विचार केला तर सुरुवात तिथूनच करावी.

करारात लिहून घ्यायचं

टाक्यांचा व्यास, ऑटो फ्लश, लो प्रेशर स्विच, धुलाईचा संच, फ्लोमीटरचा नळ, रिजेक्टची लाइन किती फूट. देखभाल पाच वर्षांची असेल तर मेंब्रेन त्यात आहे की नाही हे शब्दांत लिहिलेलं हवं. "कन्झ्युमेबल (वापरून संपणारे भाग) वगळून" असा शब्द आला की त्यात मेंब्रेनही वगळलेलं असतं. तक्रारीनंतर किती तासांत माणूस येईल आणि न आल्यास दिवसाला किती रुपये कापायचे, तेही लिहा. शेवटचा हप्ता प्लांट बसवल्यावर देऊन टाकू नका. पुढच्या मे महिन्यात, बोअर सगळ्यात खारी असताना, नळाच्या पाण्याचा प्रयोगशाळेचा रिपोर्ट येईल त्या दिवशी द्या.